मानकुरादला बुरशीनाशकाऐवजी लवंग तेल चालेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात घरची मानकुराद आंब्याची आठ-दहा जुनी झाडं आहेत, शिवाय थोडी केळी आणि पपई. आजवर काढलेला आंबा कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून मग आढीत घालत होता. यंदा पणजीतल्या एका दुकानाने आणि किनाऱ्यावरच्या एका हॉटेलने सांगितलं, वरून औषध लावलेलं फळ आणू नका. तेव्हा कडुलिंबाचा पाला, तुळस, लवंग तेल, दालचिनी यांतलं काय त्या औषधाच्या जागी वापरू, बादलीला किती घालू आणि हॉटेलला काय सांगू?

मी डिचोली तालुक्यात बावीस वर्षं हेच काम करते. आमच्या कुळागरातली, म्हणजे सुपारी-केळी-आंब्याच्या मिश्र बागेतली, फळं असतात, आजूबाजूच्या चार वाड्यांवरचीही येतात. तुम्ही विचारलेलं बहुतेक सगळं मी कधी ना कधी करून पाहिलंय आणि त्यात आंबेही बरेच वाया घालवलेत. बादलीचं माप खाली देते. पण ते वाचून लगेच म्हापशाला तेल आणायला धावू नका, कारण औषधाच्या जागी तेल एवढाच बदल केलात तर मे महिन्याच्या शेवटी हॉटेलवाला तुमचा फोन उचलणार नाही.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहून गेली, ती आधी विचारते. आंबा झाडावरून उतरल्यापासून कोणाच्या तरी ताटात पडेपर्यंत किती दिवस जातात? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकून शनिवारी संपणाऱ्या आंब्याला तेल लागत नाही, औषध तर त्याहून नाही. पणजीच्या दुकानात तो चार-पाच दिवस मांडून ठेवला जाणार असेल तर गोष्ट वेगळी. पुण्या-मुंबईला जाऊन आठ-दहा दिवस टिकायचा असेल तर आणखी वेगळी. पुढचं सगळं या दिवसांवर आणि यंदा मोहराच्या वेळी तुमच्याकडे किती दंव पडलं, अवकाळी पाऊस किती झाला, यावर ठरतं.

मोहराशी काय संबंध, असं वाटेल. आंब्यावर पिकताना जे काळे डाग उमटतात तो करपा. त्याची बुरशी, कोलेटोट्रायकम, आढीत लागत नाही. ती डिसेंबर-जानेवारीत ओल्या मोहरावर आणि पुढे कोवळ्या कैरीवर उतरते, सालीच्या अगदी वरच्या थरात शिरते आणि तिथे थांबते. कच्च्या आंब्याच्या सालीत रिसॉर्सिनॉल जातीची बुरशीरोधक द्रव्यं असतात, ती तिला पुढे सरकू देत नाहीत. आंबा पिकायला लागला की ही द्रव्यं कमी होतात, साल मऊ पडते, साखर वाढते. मग महिनोन्महिने दडून बसलेली बुरशी दोन दिवसांत डाग दाखवते. म्हणून काढणीच्या दिवशी हिरवागार, डाग नसलेला आंबा सहाव्या दिवशी ठिपक्या-ठिपक्यांचा होतो आणि आपण आढीला नावं ठेवतो. पाऊस लागला की मानकुरादच्या सालीवर काळे डाग पडतात हे तर सगळ्या गोव्याला माहीत आहे. २०२३ साली या आंब्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण डागांची खोड काही गेली नाही.

दुसरा रोग देठकुज. त्यात डाग सालीवर विखुरलेले नसतात. देठापाशी तपकिरी कडं दिसतं आणि ते खाली उतरत जातं, आतला गर पाणचट होतो. ही बुरशी वेगळी, ती फांदीच्या आणि देठाच्या आतच राहते. हा फरक लक्षात ठेवा, कारण एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याला अर्धाच लागू पडतो.

आता कार्बेन्डाझिम एवढी वर्षं का चाललं ते पाहू. ते आंतरप्रवाही आहे, सालीच्या आत उतरतं आणि दडलेल्या बुरशीपर्यंत पोचतं. त्याचा हाच गुण दुकानदाराला नकोसा आहे: आत गेलेलं नुसतं धुऊन निघत नाही. शिवाय ते बुरशीच्या एकाच जागी मारा करतं, त्यामुळे त्या जागी जरासा बदल झालेली बुरशी वाचते आणि तीच पुढे वाढते. २०२० साली केंद्र सरकारने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता, त्यातही त्याचं नाव होतं. अजून ते बाजारात मिळतं, पण डब्यावरच्या कागदात काढलेल्या फळाला बुडवण्याबद्दल काही लिहिलंय का ते एकदा वाचा. तिथे नसेल तर ते करायचं नाही, गिऱ्हाईक काहीही म्हणो.

वनस्पतीचा कुठलाही अर्क असा आत उतरत नाही. तो वरवर काम करतो, थोडा वेळ करतो आणि उडून जातो. तुमच्या प्रश्नातली अडचण हीच आहे. घरात शिरलेल्या चोराला हाकलायचं काम आपण फाटकावरच्या कुत्र्याला सांगतोय.

पाल्याच्या काढ्यापासून सुरुवात करते, कारण सगळे तिथूनच सुरू करतात, मीही केली. कडुलिंब आणि तुळस मोठ्या टोपात उकळली, गाळली, गार केली, आंबे बुडवले. तिसऱ्या दिवशी देठाच्या खळग्यात, जिथे काढा साचून वाळला होता तिथे, पांढरी लव. न बुडवलेल्या आंब्यांना ती नव्हती. झालं असं की तुळशीचा जो गुण तिच्या वासात असतो तो उकळताना वाफेबरोबर स्वयंपाकघरात गेला, आणि टोपात उरलं ते पाल्यातली साखर, चोथा आणि रंग. बुरशीला मी कांजी पाजली. कडुलिंबाचा जोर मुळात किडींवर, फळावरच्या बुरशीवर तो फारसा चालत नाही, आणि वर कडू वास. पाल्याचा काढा सोडून द्या. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत अशा अर्काने बुरशी थांबते हे खरं आहे. त्या बशीत तिला लपायला साल नसते, एवढाच फरक आहे.

तेलांची गोष्ट वेगळी. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड, गवती चहाच्या तेलात सिट्रल, ओव्याच्या तेलात थायमॉल. दालचिनीच्या पानांचं तेल मात्र लवंगेसारखं, युजेनॉलचं. बाटलीवर पान की साल ते पाहून घ्या, दोन्ही एकाच नावाने विकतात. ही द्रव्यं बुरशीच्या पेशीचं आवरण सैल करतात, आतलं बाहेर झिरपतं आणि बीजाणू रुजत नाहीत. पण पेशीचं आवरण आंब्याच्या सालीलाही आहे. तेल जास्त झालं की आधी आंबाच भाजतो.

हे मी कसं शिकले ते सांगते. पहिल्या वर्षी वीस लिटर पाण्यात लवंग तेल ओतलं, काठीने ढवळलं आणि एक-एक करून आंबे बुडवले. सुरुवातीचे आंबे ठीक निघाले. शेवटच्या दोन डझनांच्या खांद्यांवर दुसऱ्या दिवशी तपकिरी चट्टे, फोडणीचं तेल हातावर उडाल्यावर पडतात तसे. तेल पाण्यात विरघळत नाही. मी ढवळायची थांबले की ते वर येऊन तवंग धरायचं आणि बाहेर निघणारा प्रत्येक आंबा तो तवंग अंगाला फासून घ्यायचा. माप बरोबर होतं, पण ते पाण्यात सगळीकडे सारखं नव्हतं.

कोणी सांगेल तेल आधी फेणीत विरघळवा. विरघळतं, अगदी स्वच्छ. पण ते पाण्यात ओतलं की क्षणात दूध होतं आणि काही वेळाने तेल पुन्हा वर. थोड्या पाण्याला एवढी चांगली फेणी घालवण्यात अर्थ नाही. मी सोयाचं लेसिथिन वापरते, खाण्याच्या प्रतीचं, बेकरीचं सामान मिळतं तिथे मिळतं. रिठ्याचं पाणीही तेल धरतं, पण फळावर कडवटपणा ठेवतं, आंबा हातात धरून चोखणाऱ्याला तो लगेच कळतो.

माप असं. वीस लिटर पाण्याला १० मिली लवंग तेल म्हणजे ०.०५ टक्के. २० मिली म्हणजे ०.१ टक्के, आणि मानकुरादला मी त्याच्या वर कधी जात नाही. तेवढंच लेसिथिन अर्धा लिटर कोमट पाण्यात भिजवून मिक्सरमध्ये फिरवायचं, फिरता-फिरता तेल थेंबाथेंबाने सोडायचं, दुधाळ झालं की बादलीत. दहा मिनिटं तसंच ठेवा. वर तेलाचं कडं दिसलं तर ते पाणी आंब्याला लावू नका, पुन्हा फिरवा. कडं नसेल तर दोन-तीन मिनिटं बुडवून जाळीवर सावलीत पूर्ण वाळवा. हातमोजे घाला आणि डोळे सांभाळा, शुद्ध लवंग तेल कातडीला चांगलंच झोंबतं. झाडापासून आलंय म्हणून ते सौम्य असेल असं धरून चालू नका. जुने लोक फवारायला तंबाखूचा काढा करत, त्यातलं निकोटिन तर सरळ विष आहे.

वासाचं सांगायला हवं, कारण तुमचं गिऱ्हाईक हॉटेल आहे. एका वर्षी मी ओव्याचं फूल, म्हणजे थायमॉलचे खडे, मलमलच्या पुरचुंडीत बांधून झाकलेल्या क्रेटमध्ये ठेवले. युक्ती चांगली होती: फळ ओलं होत नाही, वाफ कानाकोपऱ्यात पोचते, डागही कमी आले. मी खूश. आंबे जिथे गेले तिथल्या आचाऱ्याचा संध्याकाळी फोन आला, ‘बाई, आंब्याला अजीर्णाच्या औषधाचा वास येतो.’ मानकुरादला लोक एवढे पैसे देतात ते त्याच्या वासासाठी. तेव्हापासून वाफेचा उपाय मी केळ्यांच्या खोलीपुरता ठेवलाय, तोही रात्रभर, मग सकाळी दारं उघडून पंखा. आंब्याला तेल लावलंत तर विकण्याआधी निदान दोन दिवस उघड्या हवेत राहू द्या आणि पाठवण्यापूर्वी एक कापून स्वतः खा.

मग दडलेल्या बुरशीपर्यंत पोचायचं कशाने? गरम पाण्याने. ते वनस्पतिजन्य नाही हे मान्य, पण तुमच्या दुकानदाराला त्यावर काही आक्षेप नसेल, आणि करप्यावर मी पाहिलेल्या बिनऔषधी उपायांत याच्या जवळ काही येत नाही. बुरशी सालीच्या वरच्या थरात आहे. ५२ अंश सेल्सिअसचं पाणी ५ ते १० मिनिटांत तेवढाच थर तापवतं, गरापर्यंत ऊब पोचायच्या आत फळ बाहेर. मानकुराद आकाराने बेताचा, म्हणून मी पाच मिनिटांपासून सुरुवात करते, मोठ्या फळांना सात-आठ. परदेशी जाणाऱ्या आंब्याला ४८ अंशांत एक तास ठेवतात ते फळमाशीसाठी, त्याच्याशी गल्लत करू नका.

सांगायला सोपं, पण सगळी फसगत इथेच होते. माझी पहिली खेप उकड्या तांदळाचं भात शिजवतो त्या तांब्याच्या भाणात झाली. खाली लाकडं, वर मी आणि एक थर्मामीटर. जाळ सारखा कुठे राहतो? मी आंबे काढायला वळले तेवढ्यात पाणी ५७ ला. त्या खेपेचे आंबे पिकले तेव्हा साल सुरकुतलेली आणि खाली गर पिठाळ, मधे पांढरट पोकळी. पाच अंशांचा फरक म्हणजे उपाय आणि उकडणं यांतला फरक.

म्हणून पाणी जास्त घ्या, फळाच्या वजनाच्या निदान दहापट. वीस किलोच्या एका क्रेटला दोनशे लिटरचं पिंप. तेवढं पाणी असलं की थंड आंबे टाकल्यावर ताप फार उतरत नाही आणि चुकून फार चढतही नाही. नुसत्या बुडवायच्या रॉडवर विसंबू नका: दीड किलोवॉटच्या रॉडला दोनशे लिटर २८ वरून ५२ अंशांवर न्यायला चार तास लागतात, तोवर वीज गेली की संपलं. चुलीवर किंवा सोलरवर पाणी तापवून पिंपात मिसळा, रॉड फक्त ताप टिकवायला ठेवा. पाण्यात हात घालण्याआधी रॉडचं बटण बंद, हे घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा. थर्मामीटर दोन हवेत, एक तळाशी आणि एक वर, आणि पाणी सतत हलतं ठेवा. आंबा काढल्याच्या दिवशीच किंवा फार तर दुसऱ्या दिवशी करा, पिकू लागल्यावर नको. कोवळा आंबा यात टिकत नाही, त्याची साल पोळते, म्हणून पूर्ण जून झालेलाच घ्या. बाहेर काढल्यावर साध्या स्वच्छ पाण्यात गार करा. ओढ्याचं पाणी नको, धुतलेल्या फळाला नवी बुरशी लावण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे. आणि लवंग तेल गरम पाण्यात घालू नका. मी घातलं होतं. तेल वाफेबरोबर डोळ्यांत, आंब्याला काही नाही.

देठकुजीला मात्र गरम पाणी निम्मंच पुरतं, कारण ती आत बसलेली. तिथे देठच कामाला येतो. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, काढताना आंबा देठासकट, निदान दोन-तीन सेंटिमीटर देठ ठेवून काढा. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतात आणि खळग्यात उघडी जखम राहते. नंतर चीक काढायला देठ छाटायचा असेल तर आंबा उलटा धरून जाळीवर काही तास ठेवा. कोवळा आंबा आणि खाली पडलेला आंबा चांगल्या आढीत घालायचा नाही. पडलेला आंबा बाहेरून कितीही चांगला दिसो, आतून तो चेपलेला असतो.

हवेचं महत्त्व सांगायला मला नेहमी चतुर्थीची माटोळी, गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट, आठवते. भाद्रपदातली ओल, भिंतींना घाम सुटलेला, तरी माटोळीला बांधलेली तोरिंगं, चिबूड, केळ्यांचा घड, सुपारीचा घड पाच-सात दिवस बऱ्यापैकी राहतात. देठासकट, जखम न करता, एकमेकांना न टेकता, हवेत टांगलेली. तीच फळं पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवा, तिसऱ्या दिवशी वास. आढीत आंबे दोन थरांपेक्षा जास्त नकोत, पेंढा नव्या भाताचा आणि कडकडीत वाळलेला हवा. गेल्या वर्षीचा कुबट पेंढा म्हणजे बुरशीची गादीच. मी आता पेंढा सोडून छिद्रांच्या क्रेटमध्ये कागद घालते, आमच्या सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही. कार्बाईडबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते: त्याने फळ पिकवण्यावर देशभर बंदी आहे. घाई असेल तर इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) चालतो.

कोरफडीचा लेप पाच दिवसांपुढच्या मालाला उपयोगी पडतो. गर काढून मिक्सरमधून फिरवा, ७० अंशांपर्यंत तापवून गार करा, गाळा, निम्मं पाणी घाला. त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी तो आंबतो. फळाचं पाणी उडणं त्याने कमी होतं, आणि वर सांगितलेलं लवंगेचं दूध यात मिसळलं तर तेल सालीवर जास्त वेळ टिकतं, त्यामुळे ०.०५ टक्के पुरतं. थर पातळच हवा. जाड लेपाने फळाचा श्वास कोंडतो आणि गराला दारूसारखी चव येते. हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या, दिवसांत कोणी तक्रार करणार नाही म्हणा, पण हॉटेल करेल. बाजारी मेण लावायचं तर मधमाशीचं मेण, कार्नोबा किंवा लाख यांनाच खाद्य नियमांत परवानगी आहे, तीही तसं लिहून.

केळ्यांचं थोडक्यात. सालदाटी असो की रसबाळी, कूज फणी जिथून कापतो तिथून सुरू होते. सुरी धारदार आणि पुसलेली, काप एकदाच. चीक पाण्यात वाहू द्या, मग कापलेला भाग १ टक्का तुरटीच्या पाण्यात बुडवून वाळवा. मी त्यावर ०.१ टक्का दालचिनीच्या पानांच्या तेलाचं दूध ब्रशने लावते. केळ्याला वास लागला तरी तो फक्त देठाला, साल काढली की गेला. तेलाचा उपाय इथे जितका नीट बसतो तितका आंब्याला नाही, कारण इथे बुरशी बाहेरून जखमेत शिरते. अननसाचंही तसंच, कापल्यावर लगेच देठाच्या बाजूला लावायचं. पपईला मी तेल लावतच नाही. एकेक कागदात गुंडाळते आणि लवकर विकते.

तर तुमच्यासाठी हिशोब असा बसतो. म्हापशाच्या बाजारासाठी: देठासकट काढणी, चीक, निवड, बस्स. पणजीच्या दुकानासाठी: याच्यावर गरम पाणी आणि मोकळे क्रेट, तेल नको. हॉटेलला दोन-तीन दिवसांआड माल देणार असाल तर तेही दुकानासारखंच, फक्त त्यांना सांगा की आंबे घरच्यासारख्या फ्रिजमध्ये कोंबू नका. १२-१३ अंशांच्या खाली कच्चा आंबा गारठतो, साल राखाडी पडते आणि दोष तुमच्यावर येतो. मुंबई-पुण्याला पाठवायचं ठरलं तरच गरम पाणी, वाळवणं आणि मग कोरफड-लवंगेचा लेप.

आणि पुढच्या वर्षीची तयारी पावसाळा संपताच सुरू करा: झाडावरच्या वाळक्या फांद्या, सुकून लटकलेले जुने आंबे आणि मोहराचे दांडे काढून जाळा. बुरशीचं माहेर ते आहे. सुपारीच्या कोळेरोगाला तुम्ही मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण करतच असाल, तेच १ टक्क्याचं मोहर येण्याआधी आंब्यालाही चालतं. फळ धरल्यावर नको, निळे डाग राहतात. जुनी झाडं चाळीस-पन्नास फुटांची असतील तर सगळीकडे पोचणार नाही. पोचेल तेवढं करा. खालच्या फांद्यांवरच्या अंड्याएवढ्या कैऱ्यांना कागदी पिशव्या घालणं जमलं तर त्या फळांना नंतर काहीच लागत नाही, फळमाशीचा त्रासही वाचतो.

हॉटेलला काय सांगायचं तेही विचारलंत. ‘केमिकल-फ्री’ असं लिहून देऊ नका, बागेत काय काय फवारलं गेलं तेही त्यात येतं. जे केलं ते लिहा: काढणीनंतर ५२ अंशांच्या पाण्यात ५ मिनिटं, दुसरं काही नाही. तेल लावलं असेल तर तेही लिहा, आणि खाण्याच्या प्रतीचंच घ्या.

पहिल्या तोडीला सगळा माल नव्या पद्धतीने करू नका. एकाच झाडाचे, एकाच दिवशी काढलेले दोन क्रेट घ्या. एकाला काहीच नाही, दुसऱ्याला गरम पाणी. माल असेल तर तिसऱ्याला गरम पाणी आणि तेल. घरात एकाच खोलीत ठेवा आणि तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या दिवशी डाग असलेले आंबे मोजून वहीत लिहा. काहीच न केलेला क्रेट ठेवायला जिवावर येतं, पण तो नसला तर फरक उपायाने पडला की यंदा पाऊसच कमी होता, हे कळायला मार्ग नाही. माझ्या तेलाच्या पहिल्या दोन वर्षांच्या नोंदी याच कारणाने निरुपयोगी आहेत.

डाग आलेला एक आंबा देठापासून टोकापर्यंत उभा चिरा आणि त्याचा फोटो टाका, बाहेरूनही एक. डाग सालीपासून आत गेलाय की देठाकडून खाली उतरलाय हे दिसलं की पुढचं नेमकं सांगता येईल. फोटोतून कळलं नाही तर दोन-चार आंबे घेऊन जुन्या गोव्याजवळ एलाच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत दाखवा. कागदी पिशवीत न्या, प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटून वाटेतच दुसरी बुरशी चढते. आणि यंदा डिसेंबर-जानेवारीत तुमच्या वाड्यावर सकाळचं दंव किती वाजेपर्यंत राहायचं, तेही आठवत असेल तर लिहा.